अधिट्ठान : निश्चय, हट्ट आणि लोकनेतृत्व

एका वर्षावासात एका विहारात ‘दहा पारमिता’ या विषयावर बोलण्याचा प्रसंग आला होता. प्रवचन संपल्यावर मागच्या रांगेतील एक वयोवृद्ध उपासक उभे राहिले आणि म्हणाले, “सर, अधिष्ठान पारमिता आपण चांगली सांगितलीत. पण आमच्या वस्तीत एक पुढारी दर निवडणुकीला नव्या झेंड्याखाली दिसतो आणि दर वेळी ‘बाबासाहेबांच्या विचारांशी एकनिष्ठ राहूनच हा निर्णय घेतला’ असे सांगतो. दुसरा एक आहे, तो चाळीस वर्षे एकाच झेंड्याखाली आहे, पण कोणाचे म्हणून ऐकत नाही. या दोघांत अधिष्ठानवाला कोण?” सभेत हशा पिकला. मी त्या वेळी जे उत्तर दिले ते माझे मलाच अपुरे वाटले. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर पुरे करण्याचा प्रयत्न होय.

प्रथम शब्दाचा विचार केला पाहिजे. पाली ‘अधिट्ठान’ हा शब्द ‘अधि’ हा उपसर्ग आणि ‘ठा’ (संस्कृत ‘स्था’) हा धातू यांपासून बनला आहे. एखाद्या गोष्टीवर उभे राहणे, पाय रोवणे हा त्याचा मूळ अर्थ. त्यातून दोन अर्थ निघाले : ज्यावर उभे राहायचे तो पाया आणि उभे राहण्याचा निश्चय. मराठीत आपण ‘नैतिक अधिष्ठान’ म्हणतो तेव्हा पहिला अर्थ अभिप्रेत असतो. पारमितांच्या यादीत दुसरा. आपला ‘ठाम’ हा रोजच्या बोलण्यातला शब्दही याच ‘स्था’च्या कुळातला आहे. पाली वाङ्मयात हे दोन अर्थ एकमेकांपासून तुटलेले नाहीत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. पाया नसताना केलेला निश्चय पालीच्या दृष्टीने अधिट्ठान ठरत नाही.

बोधिसत्त्व बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात दहा पारमितांचा समावेश केला असून ध्येय गाठण्याचा दृढ निश्चय असे अधिष्ठानाचे स्वरूप सांगितले आहे. त्याच ठिकाणी त्यांनी या सर्व पारमिता प्रज्ञेच्या कसोटीवर घासून घेतल्या पाहिजेत, असेही बजावले आहे. निश्चय कितीही प्रखर असला तरी तो शहाणपणाच्या निकषावर उतरल्याखेरीज सद्गुण म्हणून मान्य होत नाही. ही अट अनेकांच्या वाचनातून सुटते.

तेमियाची कथा

चरियापिटकात अधिट्ठान पारमीचे उदाहरण म्हणून एकच कथा आलेली आहे, ती तेमिय राजकुमाराची. जातकसंग्रहात हीच कथा ‘मूगपक्ख जातक’ म्हणून ५३८ व्या क्रमांकावर येते. निश्चयाच्या पारमीसाठी परंपरेने एका योद्ध्याची किंवा दिग्विजयी राजाची नव्हे, तर राज्य नाकारणाऱ्या मुलाची कथा निवडली, हे आरंभीच लक्षात घ्यावे.

काशीच्या राजाचा हा पुत्र एक महिन्याचा असताना पित्याच्या मांडीवर होता. राजापुढे चार चोर आणले गेले आणि राजाने त्यांना क्रूर शिक्षा फर्मावल्या. ते ऐकून बालकाला आपला पूर्वजन्म आठवला : आपणही वीस वर्षे याच वाराणसीत राज्य केले होते आणि त्याचे फळ म्हणून दीर्घकाळ नरकयातना भोगल्या होत्या. राजछत्रात राहणाऱ्या देवतेने त्याला उपाय सांगितला : पांगळा हो, बहिरा हो, मुका हो. पूर्वजन्म, नरक आणि छत्रदेवता ही जातककथेची भाषा आहे. बुद्धिवादी वाचकाने त्यांत अडकून पडण्याचे कारण नाही. कथेचा गाभा असा की, सिंहासनावर बसणाऱ्याला काय करावे लागते हे एका मुलाने फार लवकर पाहिले आणि तेथे बसायचे नाही असे ठरवले.

पुढे सोळा वर्षे त्याची परीक्षा चालली. त्याला दुधावाचून ठेवले, भोवती आग लावली, अंगावर हत्ती सोडले, साप सोडले, कानाशी अचानक शंख फुंकले, अंगाला गूळ फासून माश्यांच्या स्वाधीन केले आणि शेवटी सुंदर स्त्रियांकरवी मोह घालून पाहिला. तो हलला नाही. अखेर असले अपशकुनी मूल नको म्हणून सुनंद नावाच्या सारथ्याला त्याला पुरून टाकण्याची आज्ञा झाली. सुनंद खड्डा खणू लागला आणि तेव्हा तेमियाने आपले हातपाय चालतात की नाही ते पाहिले, रथ उचलून पाहिला आणि सारथ्याशी बोलला.

येथे वाचकाने क्षणभर थांबावे. सोळा वर्षे ज्याने तोंड उघडले नाही तो आता का बोलला? प्राण वाचवण्यासाठी निश्चय मोडला, असे कोणी म्हणेल. परंतु कथेचा अभिप्राय तसा नाही. मुकेपणा हा त्याचा निश्चय नव्हताच. तो निश्चयाचे साधन होता. राज्यपदाच्या सापळ्यात सापडायचे नाही, हा निश्चय. ज्या क्षणी त्याला राजवाड्याबाहेर काढले गेले, त्या क्षणी हेतू साधला आणि साधन गळून पडले. त्यानंतरही तो मुकाच राहिला असता तर ते अधिट्ठान ठरले नसते. तो केवळ सवयीचा पुतळा झाला असता. पुढे राजा स्वतः त्याला राज्य देऊ करण्यासाठी येतो आणि तेमिय तेव्हाही ते घेत नाही. साधन सोडले, पण हेतू जागेवरच होता.

दुराग्रहाला पालीत वेगळे नाव आहे

हट्टी माणसासाठी पालीत वेगळे शब्द आहेत. मज्झिमनिकायाच्या अनुमानसुत्तात महामोग्गल्लान थेर भग्गांच्या देशात भिक्षूंना सांगतात की, माणूस ‘दुब्बच’ म्हणजे काही सांगण्यापलीकडचा कशाने होतो. अशा सोळा गोष्टींची ते गणना करतात आणि तिच्या शेवटी एक त्रयी येते : ‘सन्दिट्ठिपरामासी’, ‘आधानग्गाही’, ‘दुप्पटिनिस्सग्गी’. स्वतःच्याच मताला चिकटून बसणारा, घट्ट पकडणारा आणि पकडलेले सोडणे ज्याला जड जाते असा. सल्लेखसुत्तातही हीच त्रयी दोषांच्या यादीत आलेली आहे. ‘आधान’ आणि ‘अधिट्ठान’ हे शब्द कानाला जवळचे वाटतात, परंतु एक मुठीचा शब्द आहे आणि दुसरा पावलांचा. हट्टी माणूस वस्तू पकडून ठेवतो. निश्चयी माणूस जागेवर उभा राहतो आणि त्याचे हात मोकळे असतात.

आणखी एक गोष्ट. बौद्ध साहित्यात राजासाठी जे दहा धर्म सांगितले आहेत, म्हणजे दान, शील, परित्याग, ऋजुता, मृदुता, तप, अक्रोध, अविहिंसा, क्षांती आणि अविरोध, त्यांत अधिट्ठान नाही. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. सत्ताधाऱ्याला नुसता खंबीरपणा शिकवण्याची गरज नसते. तो जुलमी राजाजवळही भरपूर असतो. वज्जींचा उच्छेद करण्याच्या बाबतीत अजातशत्रू खंबीरच होता. देवदत्तही निश्चयाचा कच्चा नव्हता. आपल्याकडे ‘खंबीर नेतृत्व’ हे शब्द स्तुती म्हणून सहज वापरले जातात, तेव्हा खंबीर कशावर, हा प्रश्न विचारण्याची पद्धत राहिलेली नाही.

खंबीर कशावर, याचे उत्तर मज्झिमनिकायाच्या १४० व्या, धातुविभंगसुत्तात आहे. भगवान बुद्ध राजगृहात भग्गव नावाच्या कुंभाराच्या घरी रात्रीपुरते उतरतात. तेथे पुक्कुसाति नावाचा एक तरुण प्रव्रजित आधीच मुक्कामाला असतो. भगवान त्याची परवानगी घेऊन त्याच पडवीत बसतात. तो बुद्धांच्याच नावाने घर सोडून आलेला असतो, परंतु समोर बसले आहेत ते कोण, हे त्याला ठाऊक नसते. अट्ठकथेनुसार हा पुक्कुसाति तक्षशिलेचा राजा होता आणि बिंबिसाराने पाठवलेला धम्माचा संदेश वाचून त्याने राज्य सोडले होते. राज्य सोडून आलेल्या या माणसाला भगवंत त्या रात्री जो उपदेश करतात, त्यात माणूस चार अधिट्ठानांवर उभा असतो असे येते : पञ्ञा, सच्च, चाग आणि उपसम, म्हणजे प्रज्ञा, सत्य, त्याग आणि शांती. दीघनिकायाच्या संगीतिसुत्तातही ही चार अधिट्ठाने मोजलेली आहेत. या चारांखेरीजचा निश्चय पोकळीत उभा असतो. तो पडतो तरी, किंवा दुसऱ्यावर कोसळतो.

बाबासाहेबांचे सार्वजनिक जीवन

ही चौकट हाती घेऊन बाबासाहेबांच्या सार्वजनिक जीवनाकडे पाहिले म्हणजे काही घटना निराळ्या दिसू लागतात.

महाडचे उदाहरण घेऊ. मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोकांनी त्या तळ्याचे पाणी घेतले. त्याच दिवशी परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. मार खाल्लेले लोक प्रतिकाराला तयार होते, संख्येने कमी नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करण्याचे ठरले, तेव्हा विरोधकांनी तळे खाजगी असल्याचा दावा १२ डिसेंबर रोजी न्यायालयात लावला आणि दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. २५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले, हजारो स्वयंसेवक तळ्यावर जाण्यास सज्ज होते. अशा वेळी बाबासाहेबांनी सत्याग्रह स्थगित करावा असे लोकांना पटवले. मिरवणूक निघाली, तळ्याभोवती फिरली आणि पाण्याला हात न लावता परतली.

त्या दिवशी काही तरुण नाराज झाले असणार, हे उघड आहे. ‘माघार’ हा शब्द त्या वेळीही उपलब्ध होता. परंतु खटला पुढे चालू राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निर्णय दिला. दहा वर्षे! एका तळ्यासाठी दहा वर्षे कागदपत्रे, साक्षी आणि अपिले सांभाळत राहणे याला काय म्हणावे? हल्ल्याच्या दिवशी आवरलेला हात आणि उच्च न्यायालयापर्यंत नेलेला खटला ही एकाच अधिट्ठानाची दोन रूपे आहेत. त्यांतील ‘उपसम’ आपण बहुधा पाहत नाही, कारण तो छायाचित्रात येत नाही.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला आणि वर्षानुवर्षे चालला. लाठ्या, दगड, तुरुंग सारे काही झाले. मार्च १९३४ मध्ये बाबासाहेबांनी भाऊराव (दादासाहेब) गायकवाडांना पत्र लिहून हा मार्ग आता सोडावा असे कळवले. त्यांचे म्हणणे असे की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून हा लढा आरंभला नव्हता. दलितवर्गात चैतन्य आणावे, त्याला स्वतःच्या स्थितीची जाणीव व्हावी, यासाठी तो होता. ते काम झाले. आता शक्ती राजकारण आणि शिक्षण यांकडे वळवावी. तेमिय आता बोलला, तो येथे.

या ठिकाणी विनयपिटकातील एका विधीची आठवण होते. भिक्षू आपले चीवर किंवा पात्र वापरण्यापूर्वी त्याचे ‘अधिट्ठान’ करतो, म्हणजे हे माझे म्हणून विधिपूर्वक निश्चित करतो. ते बदलायचे झाल्यास नवे चीवर गुपचूप अंगावर घेता येत नाही. आधी जुन्याचे ‘पच्चुद्धरण’ करावे लागते. केलेले अधिट्ठान मी मागे घेत आहे, असे शब्दांत म्हणावे लागते आणि मगच नव्याचे अधिट्ठान होते. माझ्या मते सार्वजनिक जीवनातील निष्ठेविषयी यापेक्षा अधिक उपयुक्त नियम क्वचितच सापडेल. निर्णय बदलण्यास धम्म-विनयात मज्जाव नाही. तो बदलला आहे हे न सांगता बदलण्यास मज्जाव आहे.

काळारामच्या बाबतीत हे पच्चुद्धरण कारणांसह झाले. पुणे करार हे त्याहून अवघड प्रकरण. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाड्याने दिलेले स्वतंत्र मतदारसंघ बाबासाहेबांना २४ सप्टेंबर रोजी येरवड्यात, गांधीजींच्या उपोषणाच्या दडपणाखाली सोडावे लागले. प्रांतिक कायदेमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या, हे खरे. पण जे गेले ते गेले होते. पुढे १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी या साऱ्या प्रकरणाची कठोर चिकित्सा केली. स्वतः सही केलेल्या कराराला विजयाचा मुलामा चढवून त्यावर आयुष्य काढणे त्यांना सहज शक्य होते. ‘सच्चाधिट्ठान’ म्हणजे काय, हे समजण्यासाठी एवढे उदाहरण पुरे आहे.

आता १९५१ सालाकडे वळू. त्यागाच्या अधिट्ठानाचा खरा कस तेथे लागला. काँग्रेसचे कडवे टीकाकार असलेले बाबासाहेब १९४७ साली नेहरूंच्या मंत्रिमंडळात कायदेमंत्री झाले, यावर तेव्हाही आक्षेप घेतले गेले. साधन आणि हेतू यांतला भेद लक्षात घेतला तर आक्षेपाचे उत्तर मिळते. संविधानसभेत आपण अनुसूचित जातींच्या हिताचे रक्षण करण्यापलीकडे कोणतीही आकांक्षा घेऊन आलो नव्हतो, असे त्यांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात सांगितलेच आहे. मंत्रिपद हे रथासारखे होते. ते जोवर हव्या त्या दिशेने जात होते तोवर त्यात बसण्यास हरकत नव्हती.

हिंदू संहिता विधेयक म्हणजे हिंदू स्त्रीला वारसा, घटस्फोट, दत्तक यांबाबत हक्क देऊ पाहणारा कायदा. त्यावर त्यांनी वर्षानुवर्षे श्रम केले. संसदेच्या आत आणि बाहेर विरोध माजला. सत्ताधारी पक्षातही तो होता. सप्टेंबर १९५१ मध्ये चारच कलमे संमत झाल्यावर विधेयक गुंडाळले गेले. सार्वत्रिक निवडणुका तोंडावर होत्या. २७ सप्टेंबर रोजी त्यांनी राजीनाम्याचे पत्र दिले. ऑक्टोबरात संसदेत निवेदन करण्यास ते उभे राहिले असता निवेदनाची प्रत आधी सादर करण्याची मागणी झाली. तेव्हा सभागृह सोडून त्यांनी ते बाहेर प्रसिद्ध केले. अनुसूचित जातींकडे होणारे दुर्लक्ष, आपणास महत्त्वाच्या कामापासून दूर ठेवणे, परराष्ट्र धोरण अशी इतर कारणेही त्यांनी मोकळेपणाने मांडली आहेत. परंतु निर्णायक ठरले ते स्त्रियांच्या हक्कांचे विधेयक.

या विधेयकाचा लाभ मुख्यतः ज्या सवर्ण हिंदू स्त्रियांना होणार होता त्या बाबासाहेबांच्या मतदार नव्हत्या. त्यासाठी पद सोडल्याने निवडणुकीत एक मतही वाढणार नव्हते. झालेही तसेच. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला. १९५४ च्या भंडारा पोटनिवडणुकीतही पराभव झाला. लाभ-अलाभ, यश-अयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख हे आठ लोकधर्म अंगुत्तरनिकायात सांगितले आहेत. त्यांतील चार प्रतिकूल धर्म त्या तीन-चार वर्षांत त्यांच्या वाट्याला एकामागून एक आले. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आणि वारसा, अज्ञानत्व व पालकत्व, दत्तक व पोटगी हे तीन कायदे १९५६ साली संमत झाले, तेव्हा ते मंत्री नव्हते.

येवल्याची १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा आणि नागपूरची १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षा यांत एकवीस वर्षे आणि एक दिवस एवढे अंतर आहे. ‘घोषणा केली, मग धर्मांतर कधी?’ हा टोमणा या काळात त्यांना किती वेळा ऐकावा लागला असेल! या काळात काय घडत होते ते पाहिले म्हणजे उशिराचा अर्थ लागतो. १९४८ साली त्यांनी प्रा. नरसू यांच्या बौद्ध धर्मावरील ग्रंथाची नवी आवृत्ती स्वतःच्या प्रस्तावनेसह काढली. १९५० साली श्रीलंकेस आणि १९५४ साली ब्रह्मदेशास ते बौद्ध परिषदांसाठी गेले. डिसेंबर १९५४ मध्ये देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन केली. पालीच्या अभ्यासकाला विशेष वाटते ते हे की, मधुमेहाने आणि अधू दृष्टीने जर्जर झालेल्या या माणसाने पालीचे व्याकरण आणि कोश यांवरही काम केले. पुढे ते महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या १६ व्या खंडात प्रसिद्ध झाले. ज्या धम्मात लोकांना न्यायचे त्याची भाषा शिकण्यापर्यंत ज्याची तयारी चालते, त्याचा निश्चय ‘पञ्ञा’वर उभा आहे. दीक्षेनंतर ५३ व्या दिवशी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

अनुयायांचे अधिट्ठान

येथवर नेत्याचा विचार झाला. परंतु उपासकांचा प्रश्न अनुयायांच्याही बाजूने विचारला पाहिजे. २५ नोव्हेंबर १९४९ च्या त्याच भाषणात बाबासाहेबांनी राजकारणातील विभूतिपूजेविरुद्ध कडक इशारा दिला आहे; धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेलही, राजकारणात मात्र ती अधोगतीकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. व्यक्तीवरील निष्ठा आणि हेतूवरील निष्ठा यांची गल्लत झाली म्हणजे पुढाऱ्याने झेंडा बदलला की अनुयायीही बदलतात, किंवा त्याच्या हट्टालाच सिद्धांत समजतात.

हेतूवरील निष्ठा सामान्य माणसे कशी जपतात, हे नामांतराच्या लढ्यात दिसले. मराठवाडा विद्यापीठास बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात खेड्याखेड्यांतून दलितांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. १९७९ साली लाँग मार्च निघाला, हजारोंनी तुरुंगवास पत्करला, काहींनी प्राण दिले. १४ जानेवारी १९९४ रोजी ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव अस्तित्वात आले. तेमियाच्या परीक्षेलाही सोळाच वर्षे लागली होती. मी हे केवळ योगायोग म्हणून नोंदवतो. ‘नामांतर’ मागितले आणि ‘नामविस्तार’ मिळाला, ही तडजोड नव्हे काय, असे काहींनी विचारले व आजही विचारतात. प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की, हेतू नावाच्या मांडणीत नव्हता. ज्या प्रदेशात ते नाव उच्चारल्याबद्दल घरे जाळली गेली त्या प्रदेशाच्या ज्ञानपीठावर ते नाव असण्यात होता. ज्यांची घरे जळली त्यांच्यापैकी अनेकांनी त्या दिवशी दिवे लावले. त्यांच्यापेक्षा या तडजोडीचा हिशेब मांडण्याचा अधिकार मला अधिक आहे, असे मी मानत नाही.

दुहीविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच वर्षांत त्याचे तुकडे पडू लागले. प्रत्येक तुकड्याने आपणच बाबासाहेबांच्या विचारांवर ठाम असल्याचे सांगितले. यांतील कोणाचा तो ठामपणा अधिट्ठान होता आणि कोणाचा आधानग्गाह, याचा निवाडा मी करणार नाही. एका जुन्या भांडणाची हकीकत तेवढी सांगतो. ती महावग्गाच्या दहाव्या, कोसंबकक्खन्धकात आहे.

कोसंबीत एका भिक्षूच्या हातून काही आगळीक झाली. अट्ठकथा म्हणते, शौचालयाच्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवले, एवढीच. विनयधरांनी तिला दोष ठरवले, धम्मकथिकाने मानले नाही. त्याला संघाने बहिष्कृत केले आणि संघ दुभंगला. दोन्ही पक्ष विद्वान, दोन्ही पक्षांना अनुयायी. भगवंतांनी समजावले तेव्हा एका भिक्षूने, भगवंतांनी निवांत राहावे, हे भांडण आमचे आम्ही पाहून घेऊ, असे उत्तर दिले. भगवान उठले आणि एकटेच निघून गेले. पारिलेय्यकाच्या वनात राहून पुढे श्रावस्तीला गेले.

तेव्हा कोसंबीच्या उपासकांनी निर्णय घेतला. या भिक्षूंमुळे भगवान आपल्याला सोडून गेले. आता यांना वंदन करायचे नाही, यांना पाहून उठायचे नाही, यांच्या पात्रात भिक्षा घालायची नाही. ते एका पक्षाच्या बाजूने उभे राहिले नाहीत. त्यांनी दोन्ही पक्षांची भिक्षा बंद केली आणि ती बंदच ठेवली. रिकामी पात्रे घेऊन भिक्षू भांडण मिटवण्यासाठी श्रावस्तीला निघाले. ते येत आहेत हे ऐकून अनाथपिंडिक आणि विशाखा यांनी भगवंतांना विचारले की, आम्ही यांच्याशी कसे वागावे? उत्तर मिळाले : दान दोघांनाही द्या, दोघांचेही ऐका आणि ऐकून झाल्यावर जे धम्माला धरून बोलतील त्यांचे म्हणणे स्वीकारा.

पुढे तो बहिष्कृत भिक्षू एकटा बसून धम्म आणि विनय यांचा विचार करू लागला. आपल्या पक्षाच्या भिक्षूंकडे जाऊन तो म्हणाला की, माझ्याकडून दोष घडला होता आणि मला बहिष्कृत केले ते योग्यच होते. ते सर्वजण त्याला घेऊन भगवंतांकडे गेले. संघाने त्याला पुन्हा सामावून घेतले आणि सर्वांनी मिळून उपोसथ केला.